मस्टर: खर्ड्याच्या लढाईपासून खडी फोडण्यापर्यंत

आजचा शब्द इंग्रजी आहे, पण आमच्या खर्ड्यात तो इतका रुळलाय की लहानपणी मला तो मराठीच वाटायचा. मस्टर.

आजी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्या दिवसांबद्दल बोलताना ती सुकडीच्या आधी मस्टरचं नाव काढायची. मस्टरवर नाव लागलं तर मजुरी, नाहीतर दिवस फुकट. पुढे बीटेकला असताना एका इंग्रजी पुस्तकात वाचलं की राजाने सैन्य 'मस्टर केलं', आणि मी अडखळलो. हजेरीचं रजिस्टर ठाऊक होतं, हे क्रियापद कुठून आलं?

तर मूळ लॅटिन 'मोन्स्ट्रारे', म्हणजे दाखवणे. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत. डेमॉन्स्ट्रेशन त्याच घरातलं आणि मॉन्स्टरसुद्धा! (राक्षस म्हणजे मुळात दैवी इशारा म्हणून दिसलेली अचाट गोष्ट.) म्हणजे मस्टर करणं हे नुसतं जमवणं नाही. जमवायचं, समोर उभं करायचं आणि मोजायचं. आज इंग्रजीत हे क्रियापद कमीच भेटतं. बहुतेक वेळा धैर्य किंवा पाठिंबा गोळा करण्यापुरतं. ऑस्ट्रेलियात मात्र रानात पसरलेली गुरं-मेंढरं हाकून एकत्र आणणं याला अजून मस्टरच म्हणतात.

आणि गंमत बघा, या शब्दाला शोभेल असा प्रसंग आमच्याच गावचा आहे. ११ मार्च १७९५, निजामाविरुद्ध खर्ड्याची लढाई. सवाई माधवराव पेशवे, कारभार नाना फडणविसांचा, सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले, सगळ्यांच्या फौजा आल्या. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला आणि त्याला तह करावा लागला. पेशव्यांच्या झेंड्याखाली मराठे सरदार असे एकत्र आले ते शेवटचेच. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले.

आता मोजायचं कशासाठी? पैशासाठी. सरंजाम घेणाऱ्या सरदाराने ठरलेले स्वार बाळगायचे, म्हणून गणती. खोटेपणा तेव्हाही होताच. मोजणीपुरता दुसऱ्याचा घोडा आणून उभा करायचा. म्हणून अलाउद्दीन खिलजीने आणि नंतर अकबराने घोड्यांना डाग द्यायची आणि शिपायांचं वर्णन लिहून ठेवायची पद्धत चालवली. इंग्लंडात तर मेलेल्या शिपायांची नावं यादीत ठेवून कप्तान पगार खिशात घालायचे. बोगस मस्टर हा शब्द आपल्याला नवा नाही, एवढंच म्हणतो.

आपला हजेरी शब्द 'हाजिर'वरून आला. हाजिर म्हणजे उपस्थित. मस्टर म्हणजे दाखवणे. फरक बारीक वाटतो, पण राबणाऱ्याला विचारा. केंद्राच्या रोजगार हमीत १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. कामावरच्या मजुरांचा फोटो, दिवसातून दोनदा, ठिकाणासकट. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, तरी सांगतो, फोटो अपलोड झाला नाही तर सिस्टीमच्या लेखी ती बाई तिथं नव्हतीच. मग हातात घमेलं असो नाहीतर नसो.

आजीचं असं एकदा झालं होतं. आठवडाभर खडी फोडली आणि मस्टरवर दोनच दिवस लागले. पाच दिवसांचं काय, विचारलं तर उत्तर मिळालं, 'कागदावर नाही.' ती म्हणायची, "अरे, खडीचा ढीग तर दिसतोय की!"