टाइप केलेली अक्षरे जातात कुठे?

लेखाचा शेवटचा परिच्छेद राहिला होता. मध्येच चहा करायला उठलो, परत येऊन बसलो आणि कागदावरच्या ओळी बघत पुढे टाइप करू लागलो. मान वर केली तर पडद्यावर नवीन एकही अक्षर नाही, आणि संगणक बंद होऊ लागलेला. मी नसताना ‘आता रीस्टार्ट करायचे का?’ असे विचारणारी चौकट उगवली होती. माझी सगळी अक्षरे तिच्याकडे गेली आणि पहिल्या दोन शब्दांमधला स्पेस तिने होकार समजून घेतला. विंडोजमध्ये ज्या बटणावर फोकस असतो ते स्पेसने दाबले जाते, हा धडा मला असा मिळाला.

असे काही घडले की ओळखीतले जाणकार तीन सल्ले देतात: व्हायरस असेल, माऊस बदल, नाहीतर सरळ फॉरमॅट मार. तिन्हींची गरज क्वचितच पडते. पण त्याआधी एक मूळचा घोळ निस्तरायला हवा. जी विंडो सगळ्यात वर दिसते, तीच आपले ऐकते आहे असे आपण धरून चालतो. तसे नसते. विंडो वर असणे ही एक गोष्ट आणि फोकस, म्हणजे कीबोर्डवरचे अक्षर कोणाला पोचवायचे याचा निर्णय, ही दुसरी. ‘नेहमी वर’ ठेवलेला कॅल्क्युलेटर किंवा व्हिडिओची छोटी चौकट वरच असते, अक्षरे मात्र खालच्या दस्तऐवजात उमटतात. ‘विंडोज १०’पासून तर माऊसचे चाक ज्या विंडोवर बाण असेल ती सरकवते, मग ती सक्रिय असो वा नसो. पान सरकले म्हणजे विंडो हातात आली असे समजून माणूस टाइप करू लागतो आणि मजकूर भलतीकडे जातो. हा बिघाड नाही. माऊसच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय विंडो सरकवण्याचा पर्याय असतो. नको असेल तर तो बंद करता येतो.

लॅपटॉपवर मात्र पहिला संशयित आपला तळहातच. टाइप करताना तो टचपॅडला टेकतो आणि बाण असेल तिथे क्लिक होते. हे ओळखायची सोपी खूण आहे. कर्सर त्याच दस्तऐवजात चार ओळी वर उडाला तर तळहात. विंडोचा मथळापट्टा फिका पडला, तर फोकस दुसऱ्याने नेला. एक दिवस टचपॅड बंद ठेवून बाहेरचा माऊस लावून पाहा. त्रास थांबला तर टचपॅडची संवेदनशीलता कमी करायची, किंवा टाइप करताना टचपॅड बंद राहील असे सेटिंग असल्यास ते चालू करायचे. एवढ्यासाठी फॉरमॅट मारणारे लोक मी पाहिले आहेत.

पट्टा फिका पडतो पण नवी विंडो कुठेच दिसत नाही, तेव्हा व्हायरसची शंका हमखास येते. अँटिव्हायरसची एक फेरी मारायला हरकत नाही. पण बहुतेक वेळा पार्श्वभूमीत चालणारे एखादे सभ्य काम क्षणभर विंडो उघडून बंद करत असते. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या अशाच एका पार्श्वभूमीच्या कामामुळे काळी चौकट लुकलुकून जाई, आणि गेम खेळणाऱ्यांचा खेळ मध्येच तुटे. दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये आली. म्हणून फोकस गेला की आधी घड्याळ पाहावे आणि वेळ कागदावर टिपावी. तीन-चार नोंदी झाल्या की टास्क शेड्युलर उघडून ‘शेवटचे कधी चालले’ या रकान्याशी ताडून पाहाव्यात. दर तासाला ठरल्या मिनिटाला फोकस जात असेल तर चोर त्या यादीत असण्याची शक्यता मोठी. तिथे नाही सापडला, तर मायक्रोसॉफ्टच्या सेवा वगळून बाकीच्या सेवा आणि सुरुवातीलाच चालू होणारे प्रोग्राम बंद करायचे, मग निम्मे निम्मे चालू करत जायचे. किचकट वाटते, पण पाच-सहा फेऱ्यांत नाव हाती लागते.

आता सर्वांत पसरलेला समज: कोणताही प्रोग्राम हवा तेव्हा फोकस पळवू शकतो. ‘विंडोज ९५’पुरते हे खरे होते. ‘विंडोज ९८’ आणि ‘२०००’पासून पुढे यायला परवानगी लागते. जो प्रोग्राम आधीच पुढे आहे, ज्याला पुढच्या प्रोग्रामने सुरू केले आहे, किंवा ज्याला शेवटची कळ वा क्लिक मिळाली आहे, अशांना ती मिळते. बाकीच्यांचे बटण टास्कबारवर नुसते लुकलुकते. म्हणजे आपण ज्यात काम करतो आहोत त्याच प्रोग्रामची चौकट मध्ये उगवली तर ती चोरी नाही, त्याचा तो हक्कच आहे.

या नियमाला आणखी एक फट आहे, आणि माझा लेख त्याच फटीतून गेला असावा. वापरणाऱ्याने शेवटची कळ दाबल्यापासून ठरावीक वेळ उलटला की हे कुलूप सुटते. हा वेळ २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद असतो. आल्याचा चहा एवढ्यात होत नाही.

हा आकडा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत, ‘फोरग्राउंडलॉकटाइमआउट’ या नावाने असतो, आणि तो वाढवला की दुखणे बरे होते असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. तिथे ‘३०डी४०’ दिसले म्हणून घाबरू नये. षोडशमान पद्धतीत लिहिलेले ते दोन लाखच आहेत. तपासायचे एवढेच की कोणी तो शून्य करून ठेवला आहे का. शून्य असेल तर दाराला कडीच नाही. मूळ आकडा घालून लॉग-आउट करून पुन्हा यावे. पण आकडा कितीही मोठा केला तरी परवानगी असलेल्यांना तो अडवत नाही.

‘लिनक्सवर हे होत नाही’ हेही ऐकू येते. होते, फक्त तिथे नियम आपल्या हाती जास्त आहेत. लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या दोन प्रणाली आहेत, जुनी एक्स-विंडो आणि नवी वेलँड. एक्स-विंडोवर प्रत्येक विंडो आपल्याला शेवटचा स्पर्श कधी झाला ती वेळ नोंदवते. तुम्ही जड प्रोग्राम उघडायला सांगून दुसरीकडे टाइप करू लागलात, तर विंडोंची मांडणी सांभाळणारा विंडो-मॅनेजर तो प्रोग्राम सुरू केल्याची आणि शेवटच्या टाइपिंगची वेळ ताडून पाहतो आणि उशिरा आलेल्याला मागे ठेवतो. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ‘तयार आहे’ अशी सूचना येते ती बहुधा याचमुळे. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ही अडवणूक किती कडक हवी त्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि मूळची पायरी सौम्य आहे. वेलँडमध्ये पुढे यायला टोकन, म्हणजे परवानगीचा बिल्ला, लागतो. शिवाय माऊस नेईल तिथे फोकस नेण्याची सोयही लिनक्सवर मिळते. दुसऱ्याच्या यंत्रावर बसलात आणि हे चालू असेल तर मात्र डोके फिरते. मॅकवरही मॅकओएस १४ पासून एका अ‍ॅपने दुसऱ्याला वाट देण्याची पद्धत आली.

मराठीत टाइप करणाऱ्यांची एक तक्रार फोकसच्या खात्यावर नाहक जमा होते. विंडो बदलली, परत आलो आणि ‘क’ऐवजी ‘के’ हे इंग्रजी अक्षर उमटले. ‘विंडोज ७’पर्यंत प्रत्येक विंडोची भाषा वेगळी लक्षात ठेवली जाई. ‘विंडोज ८’पासून सगळ्यांना मिळून एकच भाषा असते. ईमेलमध्ये इंग्रजी केली की लेखातही इंग्रजीच. प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपच्या विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरण्याचा चौकोन आहे. त्यावर खूण केली की जुना स्वभाव परत येतो. डाव्या बाजूचे ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले तरी भाषा बदलते, तेही एकदा पाहून घ्यावे.

माझ्या यंत्रावरची ती रीस्टार्टची चौकट एका प्रिंटरच्या मदतनीस प्रोग्रामची निघाली. प्रिंटर विकून दोन वर्षे झाली होती.