अभिलेखसंग्रह, महाविद्यालयीन

महाविद्यालयाने आपल्या कार्याशी अथवा परिसराच्या इतिहासाशी निगडित असलेली कागदपत्रे, हस्तलिखिते, नकाशे, छायाचित्रे इ. साधने अभ्यासासाठी एकत्र करून जतन केलेला संग्रह. छापील ग्रंथाची दुसरी प्रत बहुधा मिळू शकते. अभिलेख मात्र बहुतेक वेळा एकमेव असतो व तो नष्ट झाल्यास त्यातील माहितीही कायमची नाहीशी होते. म्हणून त्याचे दान व उपयोग यांसंबंधी स्वतंत्र संकेत पाळावे लागतात.

महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचा संग्रह उल्लेखनीय आहे. द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) यांनी जमविलेली व साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात असलेली साधने १९३९ मध्ये या संस्थेकडे आली; नाना फडणीसांचे मेणवली दप्तर त्यांतच आहे. याउलट, मुंबई सरकारने जमवून याच महाविद्यालयात ठेवलेली हस्तलिखिते १९१८ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन करण्यात आली. स्थळ बदलले, तरी याद्या व कागदांचा परस्परसंबंध कायम राहिल्यास संग्रहाची उपयुक्तता टिकते.

मालेगाव (जि. नासिक) येथे अशा कार्यास मोठा वाव आहे. नारो शंकर यांनी बांधविलेला भुईकोट, १८१८ मधील इंग्रजांचा वेढा, उत्तर हिंदुस्थानातून आलेले विणकर व पुढे वाढलेला यंत्रमाग-व्यवसाय यांमुळे येथील इतिहासाची साधने मोडी, मराठी, उर्दू व इंग्रजी अशा विविध लिप्यांत व भाषांत विखुरणे स्वाभाविक आहे. वाटण्या, घरदुरुस्ती, वाळवी व रद्दी यांत अशी घरगुती कागदपत्रे प्रथम नष्ट होतात. जवळच धुळे येथे वि. का. राजवाडे यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.

दात्याने कागद निवडून, पुसून वा नव्याने लावून देऊ नयेत. हिशेबाच्या वह्या, पावत्या, निमंत्रणपत्रिका यांसारखे क्षुल्लक वाटणारे कागदही मजुरी, भाव व सामाजिक संबंध यांवर प्रकाश टाकतात. तसेच गठ्ठ्यातील मूळ क्रम हाही एक पुरावाच असतो. दानपत्रात साधनांची यादी, मालकीचे हस्तांतरण आणि खाजगी मजकूर किती काळ बंद ठेवावयाचा हे नमूद करणे इष्ट असते. कागद दिल्याने त्यातील लेखाधिकार आपोआप हस्तांतरित होत नाही. त्यासाठी लेखी करार लागतो. पत्राचा लेखाधिकार सामान्यतः ते लिहिणाऱ्याकडे, त्याच्या पश्चात वारसांकडे असतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनास १९५७ च्या कायद्यानुसार त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. १९७२ च्या कायद्यानुसार ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्याची किमान ७५ वर्षांची हस्तलिखिते पुरावस्तूंत मोडतात व खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाहीत.

अभ्यासकाने एका वेळी एकच गठ्ठा घ्यावा, टिपणे शिसपेन्सिलीने करावीत, कागदांचा क्रम बदलू नये आणि उताऱ्यासोबत संग्रहाचे नाव व रुमालाचा क्रमांक द्यावा. त्यामुळे पुढील अभ्यासकास विधानाची पडताळणी करता येते आणि दात्याच्या विश्वासासही बाध येत नाही.