तिकिटातली ‘सिक्युरिटी फी’ : कोण भरतं, कुठे जाते, परत कधी मिळते?

कर्जत, नेरळ, खोपोली भागातल्या आपल्या कितीतरी घरांत कुणी आखाती देशात नोकरीला आहे, कुणी उमऱ्याची तयारी करतंय. तिकीट काढताना आपण एकच विचारतो : टोटल किती? त्या टोटलमध्ये ‘एव्हिएशन सिक्युरिटी फी’ नावाची एक रक्कम असते. ती समजून घेऊ या.

डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर देशातल्या मोठ्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने सीआयएसएफ या केंद्रीय दलाकडे आली. जवान सरकारी, म्हणून खर्चही सरकारी तिजोरीतून होत असेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो मुख्यतः प्रवाशांच्या याच फीमधून भागवला जातो. विमान कंपनी फी गोळा करते आणि त्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय ट्रस्टकडे भरते. अमेरिकेतही २००१ च्या हल्ल्यांनंतर अशी फी आली. पण ती पुरत नाही तेव्हा उरलेला भार तिथलं सरकार उचलतं.

आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये ही फी देशांतर्गत प्रवासाला १५० रुपये आणि परदेशी प्रवासाला ४.८५ डॉलर होती. एप्रिल २०२१ पासून ती २०० रुपये आणि १२ डॉलर झाली. म्हणजे परदेशी जाणाऱ्यावरचा बोजा जवळपास अडीचपट वाढला. मुंबईहून जेद्दाला निघालेल्या मियाँ-बीवी आणि दोन मुलांचे ४८ डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर होतात. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र ही फी माफ आहे. ती भारतातून निघतानाच लागते. परतीच्या प्रवासात त्या देशाचे आकार वेगळे.

आता महत्त्वाची गोष्ट. व्हिसा आला नाही, घरात कुणी आजारी पडलं, तिकीट रद्द करावं लागलं, तर एजंट सरळ सांगतो, “नॉन-रिफंडेबल आहे, काही मिळणार नाही.” हे अर्धसत्य आहे. मूळ भाडं बुडू शकतं, पण डीजीसीएच्या नियमानुसार सरकारी कर आणि विमानतळाच्या अशा फी आपल्या देशाच्या विमान कंपन्यांनी परत करायच्या असतात. प्रवासी विमानात बसलाच नाही तरीसुद्धा. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी जबाबदारी कंपनीचीच. परदेशी कंपन्यांना त्यांच्या देशाचे नियम लागू होतात.

म्हणून तिकिटासोबत भाड्याचा तपशील मागून घ्या आणि जपून ठेवा. पैसे परत मिळाले नाहीत तर आधी कंपनीकडे लेखी मागणी करा, मग सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवा. न केलेल्या प्रवासाची फी ही आपली अमानत आहे. ती मागण्यात शरम कसली?