हृदयाची कळ हातात का उतरते?

1641 च्या सुमारास इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या कानावर एक अजब बातमी आली. ह्यू माँटगोमेरी नावाच्या उमराव घराण्यातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या छातीत म्हणे डाव्या बाजूला मोठं भोक आहे आणि तरी तो धडधाकट हिंडतो-फिरतो. लहानपणी जोरात पडून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. आत पू झाला, तो वाहून गेला, पण जखमेचं तोंड काही मिटलं नाही. राजाने खातरजमा करायला आपला वैद्य विल्यम हार्वी याला धाडलं. शरीरात रक्त गोल फिरतं हे 1628 साली सप्रमाण मांडणारा तोच हा हार्वी. त्याने त्या पोकळीत तीन बोटं आणि अंगठा घातला. आत मांसाचा एक गोळा उसळत होता. त्याने मुलाच्या मनगटाची नाडी धरली आणि दोन्हींचा ठेका जुळला. हार्वीच्या बोटांना जिवंत हृदय लागत होतं! मग तो मुलाला राजाकडे घेऊन गेला आणि राजानेही त्या हृदयाला हात लावून पाहिला.

हार्वी चकित झाला तो मात्र आणखी एका गोष्टीने. मुलाला यातलं काही कळतच नव्हतं. बाहेरच्या कातडीला बोट लागलं किंवा त्याने स्वतः पाहिलं, तरच आपल्या हृदयाला कुणी हात लावतंय हे त्याला समजे.

हृदयाला स्पर्श कळत नाही. मग हार्ट अटॅकमध्ये माणूस कळवळतो तो कशाने?

हृदय दिवसाकाठी सुमारे 1 लाख वेळा आकुंचन पावतं. त्याच्या कप्प्यांतून अखंड रक्त वाहतं, पण त्या रक्तावर त्याच्या जाड स्नायूचं पोट भरत नाही. त्या स्नायूला रक्त मिळतं ते हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या करोनरी धमन्यांतून, आणि त्या असतात जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद. आपण स्वस्थ बसलेलो असताना बाकीचं शरीर रक्तातला साधारण पाव हिस्सा प्राणवायू वापरतं. हृदयाचा स्नायू मात्र तेव्हाही 70 टक्क्यांच्या आसपास काढून घेतो. म्हणजे अडीअडचणीला आणखी उचलावा असा साठा फारसा उरतच नाही. गरज वाढली की रक्ताचा ओघच वाढावा लागतो. अशा धमनीच्या आतल्या चरबीच्या थराला चीर पडली, तिथे रक्ताची गुठळी धरली आणि वाट बंद झाली, की पुढचा स्नायू काही सेकंदांत आकुंचन पावायचा थांबतो. साधारण 20 मिनिटांनी त्याच्या पेशी मरू लागतात. हे मरणही एकदम येत नाही. ते आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे काही तासांत सरकत जातं. या सरकण्यात माणसाच्या बचावाची सगळी संधी आहे, म्हणून लक्षणं ओळखण्याला एवढं मोल.

उपाशी पडलेल्या स्नायूतून आम्ल, ॲडेनोसिन, ब्रॅडिकायनिन अशी रसायनं पाझरतात. स्पर्शाला दाद न देणारे मज्जातंतू या रसायनांनी खडबडून जागे होतात आणि पाठीच्या कण्याच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूकडे खबर पाठवतात. गंमत पुढेच आहे. मज्जारज्जूच्या ज्या पेशींपाशी ही खबर पोचते, त्याच पेशींपाशी छातीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या कातडीचे तंतूही येतात. जुन्या चाळीत दोन खोल्यांना मिळून एकच घंटा असावी, तसं हे. मेंदूला जन्मभर कातडीकडूनच निरोप आलेले असतात, त्यामुळे घंटा वाजली की तो सवयीने कातडीच्या दाराशी जातो. दुखतं हृदय, कळ येते हातात. तीही कुठूनही नाही, बहुधा दंडाच्या आतल्या अंगाने करंगळीच्या बाजूला उतरत जाते, कारण त्या पट्टीचे तंतू कण्याच्या त्याच पातळीवर येऊन मिळतात.

जबड्याचं आणि गळ्याचं असंच. गर्भात हृदय आकार घेतं ते मानेच्या भागात आणि मग खाली छातीत सरकतं. येताना मानेतले मज्जातंतू सोबत घेऊन येतं. पन्नाशीतल्या माणसाची चालताना ठणकणारी आणि थांबल्यावर शांत होणारी दाढ ही कधीकधी त्या गर्भावस्थेतल्या प्रवासाची खूण असते, हे मला शरीरशास्त्रातलं फार मोठं नवल वाटतं.

डाव्या हाताची कीर्ती सिनेमांनी केली. प्रत्यक्षात कळ उजव्या हातातही जाते आणि दोन्ही हातांत गेली तर डॉक्टरांचा संशय उलट बळावतो.

आता पोटाकडे येऊ, कारण आपल्याकडे घोटाळा तिथेच होतो. हृदयाची खालची भिंत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेली असते आणि पडद्याखाली लगेच जठर. त्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला की व्हेगस नावाचा मज्जातंतू चाळवला जातो. मळमळतं, उलटी होते, बेंबीच्या वर जड वाटतं, नाडी मंदावते. पहाटे साडेपाचला गृहस्थ पलंगाच्या कडेला बसून छाती चोळत म्हणतात, "काही नाही गं, गॅस अडकलाय. रात्रीची भजी बाधली." बायको ओवा देते, इनो देते. मोठी ढेकर येते, जरा हलकंही वाटतं. तेवढ्यात तिचा हात पाठीला लागतो. "अहो, बनियन ओलंचिंब झालंय तुमचं! आणि अंग किती गार लागतंय!" पंखा चालू असताना सुटलेला हा गार घाम शरीराच्या आणीबाणीचा आहे, पित्ताने असं सहसा होत नाही. ढेकर आली किंवा अँटासिडने बरं वाटलं, म्हणजे हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवं. वेळही ध्यानात घ्यावी. पहाटेपासून दुपारपर्यंतच्या काळात झटक्यांचं प्रमाण जास्त असतं.

बरेच जण 'दुखतंय' असं म्हणतच नाहीत. छातीवर कुणी बसलंय, आवळल्यासारखं होतंय, भरून आलंय, असं सांगतात. बॉस्टनचे डॉक्टर सॅम्युअल लेव्हाइन यांच्या लक्षात आलं होतं की असे रुग्ण सांगताना नकळत मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवतात. आतल्या अवयवाच्या वेदनेला नेमकी जागा नसते, म्हणून बोट पुरत नाही, मूठ लागते. एका बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर किंवा श्वास घेतल्यावर टोचणारी कळ बरेचदा स्नायूची किंवा बरगडीची निघते. पण तो निवाडा घरी करू नये.

बायकांच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं. छातीतलं दडपण त्यांच्यातही सगळ्यांत जास्त आढळतं, पण त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, हातपाय गळून जाणं हेही पुष्कळदा असतं. घरातलं सगळं उरकून मग 'जरा बरं वाटत नाहीये' असं सांगणाऱ्या बाईचं ते 'जरा' कुणी मनावर घेत नाही, आणि याची मला फार खंत वाटते. जुन्या मधुमेहात तर खबर नेणारे तंतूच बोथट झालेले असतात. अशा माणसाला कळ न येता नुसती धाप लागते, घाम फुटतो, भोवळ येते.

कित्येकदा शरीर आधीही सांगतं. विल्यम हेबर्डन या लंडनच्या डॉक्टरने 1768 साली केलेलं वर्णन आजही जसंच्या तसं लागू पडतं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत घुसमट होते आणि थांबलं की त्या क्षणी जाते. तीन जिन्यांनी येणारी ही घुसमट एका जिन्याने येऊ लागली किंवा बसल्या जागी आली, तर प्रकरण तातडीचं झालं. आपल्याला वयाची ढालही नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या जागतिक अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना 58-59 व्या.

जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही असं अनोळखी दडपण आलं, सोबत घाम, धाप किंवा मळमळ असली, तर थांबून बघू नये. माणसाला टेकून बसवावं, चालवू नये, त्याला गाडी चालवू देऊ नये. 108 ला फोन करावा आणि दार उघडून ठेवावं. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर विचारून ॲस्पिरिनची 300 मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खायला द्यावी. चावल्याने ती लवकर लागू पडते. 1988 च्या आयसिस-2 या 17,187 रुग्णांच्या चाचणीत एकट्या ॲस्पिरिनने मृत्यूंचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटलं होतं. शेजाऱ्याकडची सॉर्बिट्रेट मात्र आपल्या मनाने जिभेखाली ठेवू नये. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती जिवावर बेतू शकते. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबायला सुरुवात करावी आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

दवाखान्यात गेल्यावर पहिल्या 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. धमनी बंद दिसली तर फुगा घालून ती उघडतात. अँड्रियास ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये 1977 साली जागृत माणसावर हे पहिल्यांदा केलं. हे जिथे करतात ती कॅथलॅब फार लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच लवकर देता येतं. आणि पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी निघू नये. मरणाऱ्या स्नायूतून रक्तात झिरपणारं ट्रोपोनिन हे प्रथिन तपासणीत दिसण्याएवढं वाढायला काही तास लागू शकतात. म्हणून डॉक्टर थांबवून घेतात, ईसीजी पुन्हा काढतात, रक्त पुन्हा तपासतात. तोवर तिथेच थांबावं.