गळाला काय लागले, ते लिहून ठेवा

गळ टाकून बसणाऱ्या माणसाचे बोलणे घरात कोणी फारसे मनावर घेत नाही. इतवारी सकाळी काठी, दोरा आणि कणकेचे गोळे घेऊन गेलेले मामू संध्याकाळी रिकाम्या पिशवीने परततात. दस्तरखानावर बसले की सुटून गेलेल्या माशाची गोष्ट सुरू होते. पहिल्या दिवशी तो मासा वीतभर असतो, ईदला पाहुणे जमेपर्यंत हातभर होतो. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तशातली गत! अम्मी गालात हसतात, मुले मात्र डोळे मोठे करून ऐकतात.

पण हेच बोलणे कोणी रोजच्या रोज खरेखुरे वहीत उतरवले तर? तर त्यातून एखाद्या नदीची खरी हालत कळू शकते. दक्षिणेतल्या कावेरी नदीवर हे प्रत्यक्ष घडले आहे, आणि त्या हकिकतीशी आपल्या महाराष्ट्राचाही जवळचा संबंध आहे.

कावेरीत महसीर मासा मिळतो. गोड्या पाण्यातला हा फार ताकदीचा मासा. दगडधोंड्यांतून वाहणाऱ्या जोरदार प्रवाहात तो राहतो आणि गळाला लागला की माणसाला घामाघूम करतो. कावेरीतल्या एका जातीच्या महसीरला डोक्यामागे कुबडासारखा उंचवटा असतो आणि त्याचे पर नारिंगी असतात. १९४६ साली म्हैसूरच्या एका शौकिनाने कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात गळावर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर धरला होता. आपल्या घरातल्या मोठ्या माणसाएवढे हे वजन! या माशाच्या ओढीने देशोदेशीचे लोक कावेरीकाठी येऊ लागले.

पुढे कर्नाटकात नदीकाठी गळवाल्यांसाठी छावण्या उभ्या राहिल्या. गालीबोर ही त्यांतली एक. वेताच्या टोपलीसारख्या गोल नावेतून डोहात जायचे, नाचणीच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा गळाला लावायचा आणि वाट पाहायची, असा तिथला दस्तूर. पकडलेला मासा मोजून परत पाण्यात सोडायचा हा नियम होता. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांपैकी काही जणांना छावणीत वाटाडे आणि पहारेकरी म्हणून काम मिळाले. नदीची नस त्यांच्याइतकी कोण ओळखणार?

या छावणीत एक चांगली सवय होती. कोण किती तास बसला, किती मासे लागले, प्रत्येकाचे वजन किती, हे सारे लिहून ठेवले जाई. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी संशोधकांनी पुढे तपासल्या. त्यांत सहा हजारांहून अधिक महसीरांची नोंद होती. वरवर पाहता चित्र आनंदाचे होते. तासाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. नदी भरभराटीत आहे, असे कोणालाही वाटले असते.

वजनांचे आकडे मात्र वेगळेच सांगत होते. माशांची संख्या वाढत होती, पण सरासरी वजन घटत होते. जातवार पाहिल्यावर खरा प्रकार उघड झाला. वाढलेले मासे निळसर परांचे होते. नारिंगी परांचा कुबडवाला कमी कमी होत चालला होता. शेवटच्या वर्षांत तो लागला तर मोठा, म्हाताराच लागे. त्याची पिल्ले जवळजवळ दिसेनाशी झाली होती. ज्या घरात फक्त आजोबा उरले आणि पाळणा हलत नाही, त्या घराचे पुढे काय होणार?

आता हा निळ्या परांचा मासा आला कुठून? तो आपल्याकडचा. १८३९ साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे वर्णन शास्त्रात पहिल्यांदा नोंदवले आणि त्याला ‘खुदरी’ हे नाव दिले. धरणांमुळे हा मासा घटू लागला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने वळवण तलावाकाठी त्याची पैदास सुरू केली. काम नेकीचे होते आणि त्याला यशही आले. लाखो पिल्ले तयार झाली आणि देशातल्या दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली. त्यांतली काही कावेरीत पोहोचली. महसीर कमी होतोय, मग महसीर सोडू या, एवढाच साधा विचार त्यामागे होता. एक महसीर म्हणजे दुसरा महसीर नव्हे, हे तेव्हा ध्यानात आले नाही. बाहेरून आलेल्याने त्याच डोहांत मुक्काम ठोकला आणि मूळचा घरधनी मागे पडला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांचा मार तर त्याला आधीपासून बसत होताच.

आश्चर्य असे की जगभर नाव झालेल्या या कुबडवाल्याला २०१८ पर्यंत शास्त्रात पक्के नावच नव्हते. त्या वर्षी संशोधकांनी तो ‘टॉर रेमादेवी’ या जातीचा असल्याचे दाखवून दिले. केरळातल्या पांबार नदीत सापडलेल्या लहान माशांवरून ती जात काही वर्षांपूर्वीच नोंदली गेली होती. या संशोधकांत पुण्यातले अभ्यासकही होते. नाव पक्के झाले आणि त्याच वर्षी जागतिक लाल यादीत हा मासा ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. तोवर, अभयारण्यात मासेमारी चालणार नाही या कायद्यानुसार, २०१२ मध्ये तिथली गळाची मासेमारी बंद झाली होती. तिच्याबरोबर नोंदींची वहीही मिटली.

आपल्या नद्यांचे काय? आपल्या धरणांत मिळणारे कटला आणि रोहू मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे, बीज सोडून इथे रुजवलेले. चिलापी तर आफ्रिकेतून आलेली. आज उजनीच्या पाण्यात तिचाच बोलबाला आहे. घरातल्या काचेच्या पेटीत मोठा झालेला सकर मासा कंटाळून नदीत सोडला जातो आणि पुढे कोळ्यांची जाळी फाडतो. आजोबांच्या तोंडी असलेली मरळ, वांब, खडस ही नावे वर्गात घेतली, तर मुले एकमेकांची तोंडे पाहतात. हे मासे किती उरले, हे नेमके सांगणारी वही गावोगावी कुठे आहे?

म्हणून नदीवर जाणाऱ्या प्रत्येक घराने शंभर पानी वही घ्यावी. तारीख, जागा, किती तास बसलो, चारा कोणता, मासा कोणता, लांबी किती आणि वजन किती, एवढे लिहावे. फूटपट्टी आणि छोटा तागडीकाटा पुरे. काहीच लागले नाही तो दिवसही लिहावा. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण चार तासांत दोन मासे आणि चार दिवसांत दोन मासे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओळखू न आलेल्या माशाचा मोबाइलवर फोटो काढावा. लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. गणित, भूगोल आणि खरे बोलण्याची सवय, तिन्ही एकाच पानावर येतात.

आणखी थोडे पथ्य. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा आधी विचारावे. पावसाच्या सुरुवातीला ओढ्या-नाल्यांतून वर चढणारे चढणीचे मासे गाभोळीने भरलेले असतात, त्यांना जाऊ द्यावे. एका ठिकाणचा मासा दुसऱ्या पाण्यात कधीही सोडू नये, मग हेतू कितीही चांगला असो. मासा परत सोडायचा असेल तर हात ओले करून धरावा, कोरड्या वाळूवर तडफडत ठेवू नये. माशाला जबह लागत नाही, याचा अर्थ त्याच्या तडफडीची फिकीर करू नये असा होत नाही.

पाच-सहा वर्षांची अशी वही तयार झाली की ती जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावी. कावेरीवर शौकिनांच्या नोंदी होत्या, म्हणून एका माशाचे संपत चाललेले घर जगाला दिसले. कृष्णा, भीमा, गोदावरीकाठी अशा नोंदी आजपासून सुरू झाल्या, तर आपल्याला ते वेळेत दिसेल.