इचलकरंजीतील सार्वजनिक सेवांचा विकास

इचलकरंजी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पंचगंगाकाठचे वस्त्रोद्योगाचे शहर आहे. यंत्रमागांमुळे त्याला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. येथील वीज, पाणी व सांडपाणी या सेवा उद्योगाच्या मागोमाग वाढल्या आणि बहुतेक वेळा त्याच्या चार पावले मागेच राहिल्या.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यापूर्वी इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानाच्या अधीन असलेली घोरपडे घराण्याची जहागीर होती. येथील नगरपालिका १८९३ साली स्थापन झाली. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे सूतगिरण्या, सायझिंग आणि कापडावर प्रक्रिया करणारे प्रोसेस हाऊस असा उद्योगाचा विस्तार होत गेला. मोठ्या गिरणीत कामगारवस्ती, पाणी आणि दिवे यांची सोय मालक करू शकतो. येथे मात्र माग घराघरांत, गल्लीबोळांत विखुरलेले होते. व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या 'खर्चीवाल्या' मागधारकाकडून अशी अपेक्षा करणे शक्यच नव्हते. त्यामुळे सारा भार नगरपालिकेवर व शासनावर आला. इचलकरंजीला महानगरपालिकेचा दर्जा २०२२ साली मिळाला.

वीज

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले व त्याच दशकात कोयना प्रकल्पाची वीज राज्याला मिळू लागली. यंत्रमागाच्या प्रसारास या काळात मोठी गती आली. विजेच्या खर्चाचा कापडाच्या मजुरीवर थेट परिणाम होत असल्याने यंत्रमागधारकांसाठी राज्य शासन सवलतीचा वीजदर ठेवत आले आहे. त्यासाठी २७ अश्वशक्तीपर्यंतचा व त्याहून अधिक जोडभार असा भेद केला जातो. नवीन शतकाच्या पहिल्या दशकातील भारनियमनाने शहर हैराण झाले होते. माग थांबला की कामगाराची मजुरीही थांबते, कारण ती विणलेल्या कापडाच्या लांबीवर मोजली जाते.

पाणीपुरवठा

शहराचा सर्वांत बिकट प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो नदीकाठच्या शहराचा आहे हे विशेष. पंचगंगा इचलकरंजीला येण्यापूर्वी कोल्हापूर शहर आणि वाटेतील गावांचे सांडपाणी घेऊन येते. इचलकरंजीतील प्रक्रिया उद्योगांचे रंगीत, क्षारयुक्त पाणी त्यात भर घालते. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की राधानगरी धरणातून सोडलेल्या पाण्यावरच नदीचा जीव असतो. महापुरात याउलट घडते. नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली जातात आणि चोहीकडे पाणी असताना नळ कोरडे पडतात.

पंचगंगेवर विसंबणे अशक्य झाल्यावर शिरोळ तालुक्यातील मजरेवाडी येथून कृष्णेचे पाणी आणण्यात आले. या लांबलचक जलवाहिनीला वारंवार गळती लागते. परिणामी अनेक भागांत काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. अशा खंडित पुरवठ्यात एक धोका दडलेला असतो. वाहिनी भरलेली असताना आतला दाब बाहेरची घाण रोखतो. पाणी बंद झाले की दाब नाहीसा होतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी भेगांतून आत शिरू शकते. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची मोठी साथ आली व तीत अनेकांचा बळी गेला. ही 'हेपेटायटिस ई' विषाणूची साथ होती. हा विषाणू मुख्यतः मैलामिश्रित पाण्यातून पसरतो.

नव्या स्रोताच्या शोधात वारणा नदीवरील दानोळीची योजना पुढे आली, तेव्हा त्या परिसरातील शेतकऱ्यांनी तिला तीव्र विरोध केला. त्यानंतर कागल तालुक्यातील सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी आणण्याची योजना मंजूर झाली. तिलाही कागल परिसरातून विरोध झाला आणि इचलकरंजीत तिच्या समर्थनार्थ आंदोलने झाली. दूधगंगा हा कर्नाटकाशी संयुक्त प्रकल्प असल्याने तेथील पाण्याचे वाटप आधीच ठरलेले आहे. विरोध करणाऱ्यांना केवळ आडमुठे ठरवणे योग्य होणार नाही. आपल्या शेतीचे पाणी कमी होईल ही त्यांची भीती आहे. शिवाय, हाताशी असलेली नदी शहराने आधी स्वच्छ करावी, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. परंतु नदी स्वच्छ होईपर्यंत घरातील माणसांनी काय प्यावे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

सांडपाणी

सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ लावतात. पुढे कापड धुताना ती खळ पाण्यात उतरते, तर रंगाईतून रंग व रसायने येतात. लहान कारखान्याला स्वतःचे शुद्धीकरण केंद्र परवडत नसल्याने येथे सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचा मार्ग स्वीकारण्यात आला. पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला असून नियमभंग करणाऱ्या उद्योगांवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने वेळोवेळी कारवाई केली आहे. मात्र, कारखाना बंद झाला की त्यावर अवलंबून असलेले मागही अडतात. त्यामुळे अशी कारवाई दीर्घकाळ टिकवणे प्रशासनाला अवघड जाते.