प्लास्टिकच्या पेल्यांचे सीमाशुल्क वर्गीकरण

आयात मालावरील सीमाशुल्काचा दर त्या मालाच्या वर्गीकरणावरून ठरतो. भारतात हे वर्गीकरण सीमाशुल्क दर अधिनियम, 1975 च्या पहिल्या अनुसूचीनुसार होते. त्यातील आठ अंकी संकेतांकाचे पहिले सहा अंक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सामाईक पद्धतीतले, तर शेवटचे दोन भारताचे असतात.

प्लास्टिकच्या वस्तू प्रकरण 39 मध्ये येतात. जेवणाच्या टेबलावर वा स्वयंपाकघरात वापरायचे पेले, कप आणि मग 3924 10 या उपशीर्षात मोडतात. त्यांपैकी उष्णतारोधक भांड्यांसाठी 3924 10 10 आणि इतरांसाठी 3924 10 90 हे संकेतांक आहेत. माल भरून पाठवण्याच्या बाटल्या मात्र 3923 मध्ये जातात. भिंतींमध्ये निर्वात पोकळी असलेला फ्लास्क 9617 मध्ये, तर खेळण्यातला कप प्रकरण 95 मध्ये येतो.

निर्णय करताना आधी शीर्षकाचे शब्द आणि प्रकरणाच्या टिपा पाहतात. वस्तू अनेक घटकांची असून दोन शीर्षकांत बसत असेल आणि त्यांपैकी एकही अधिक नेमके नसेल, तर तिला मूलभूत स्वरूप देणारा घटक निर्णायक ठरतो. बीजकावरील व्यापारी नाव पुरेसे नसते. वर्गीकरणाबाबत शंका असल्यास आयातदाराने माल मागवण्यापूर्वीच अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करणे श्रेयस्कर.